माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर लगेच चालू करू नका, आधी हे वाचा

गेल्या वर्षी मिरजेहून मामींचा फोन आला, घर रंगवायला काढलंय, माळा रिकामा करतोय, मामांचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ का रे, का तुला पाहिजे? मी म्हटलं मामी कुणाला देऊ नका आणि मुख्य म्हणजे कुणाला प्लग लावू देऊ नका, मी रविवारी येतो. त्या म्हणाल्या अरे पण चालू होतोय का ते तरी बघायला नको का. म्हटलं नको, नेमकं तेच नको.

मामांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, बँकांचे अहवाल, असलं सगळं. मशीन 486 (म्हणजे त्या नावाच्या प्रोसेसरचा पीसी, त्याआधीचे 286, 386), सोबत बुटाच्या खोक्यात चाळीसेक फ्लॉपी. मला ही जुनी मशीन उघडून बघायचा नाद बरीच वर्षं आहे, त्यामुळे नातेवाईक आणि मित्र एकच प्रश्न विचारतात, की जुना कॉम्प्युटर जपायचा म्हणजे नक्की करायचं काय. त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगतो, बाहेरच्या डब्याची घाई नाही, तो पुसायला पुढं भरपूर वेळ आहे, घाई आहे ती फ्लॉपीची.

प्लग का लावायचा नाही ते बघू. पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे जिथं घरातली वायर येऊन लागते त्या डब्यात, मेन्सवर थेट बसलेला एक फिल्टर कपॅसिटर असतो. 80च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी यात रिफा नावाचे कागदी कपॅसिटर वापरले. वरचं पारदर्शक पिवळसर आवरण वर्षानुवर्षं तडकत जातं, तड्यांतून हवेतला दमटपणा कागदात शिरतो, आणि मग तीस वर्षांनी तुम्ही 230 व्होल्ट दिले की काही मिनिटांत फाट्कन फुटतो आणि खोलीभर असा घाण धूर होतो की पडद्यांचा वास आठवडाभर जात नाही. बाकीची मशीन बहुतेक वेळा वाचते, पण माणूस घाबरतो आणि ती भंगारात देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट मदरबोर्डावरची बॅटरी. 286, 386 आणि सुरुवातीच्या 486 बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक छोटी पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असायची, तारीख-वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. मशीन पडून राहिली की ती गळते. आतलं द्रव अल्कधर्मी असतं, ते बोर्डवर पसरतं आणि तांब्याच्या केसाएवढ्या रेषा खाऊन टाकतं, हिरवा-निळा थर दिसतो तो त्याचाच. मशीन बंद असली तरी हे चालूच असतं. म्हणून मशीन उघडली की पहिलं काम पक्कड घेऊन ती बॅटरी कापून काढणं, मग पांढऱ्या व्हिनेगरने (आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात म्हणून) तो भाग पुसणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करणं. मामांच्या बोर्डावर गळती सुरू झाली होती पण दोन-तीन रेषांपुरतीच, अजून दोन पावसाळे गेले असते तर बोर्ड संपलाच होता. एक गोष्ट कळकळीने सांगतो, पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर, हे माहितगार माणसाशिवाय उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, आज मोबाईलमध्ये त्याच्या हजारपट ताकद आहे. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो.

जानेवारी 1975 मध्ये पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला. अल्बुकर्की गावातल्या मिट्स कंपनीचा हा किट, घरी बसून स्वतः जोडायचा, आत इंटेलचा 8080 प्रोसेसर आणि मेमरी 256 बाइट. केबी नव्हे, बाइट. आपण आत्ता वाचताय त्या परिच्छेदाचा अर्धासुद्धा त्यात मावला नसता. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, पुढं स्विच आणि दिवे. तरी लोकांच्या उड्या पडल्या, कारण तोवर कॉम्प्युटर म्हणजे कंपनीची नाहीतर सरकारची वस्तू, आणि हा आपला, आपल्या टेबलावरचा. त्याच मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, तिथं येणाऱ्यांमध्ये स्टीव्ह वॉझ्निअॅक होता, त्याने 1976 मध्ये अॅपल वन बनवला. 1977 मध्ये तर अॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-80 एकाच वर्षी आले, जोडून तयार, डब्यातनं काढा आणि लावा.

यांतलं कुठलंच मशीन दुसऱ्याशी जुळणारं नव्हतं हे इथं महत्त्वाचं. एकाची डिस्क दुसऱ्यात चालायची नाही, एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला कळायचा नाही. जवळपास प्रत्येक कंपनी आपापली भाषा बोलत होती. 12 ऑगस्ट 1981 ला आयबीएमने पीसी आणला तो घाईत, म्हणून बाजारात मिळणारे पार्ट घेऊन, आणि मॅन्युअलमध्ये सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू होताना पहिला चालतो त्या प्रोग्रॅमचा, कोडसुद्धा छापून टाकला. बायॉसवर कॉपीराइट होता, तो उचलता येत नव्हता. मग कॉम्पॅक कंपनीने काय केलं, एका टीमने वाचून तो काय-काय करतो ते लिहून काढलं, आणि ज्यांनी मूळ कोड पाहिलाच नाही अशा दुसऱ्या टीमने त्यावरनं नवा लिहिला. तिथनं क्लोन, म्हणजे आयबीएमसारखेच चालणारे दुसऱ्यांचे पीसी सुरू झाले, आणि तो धागा सरळ मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडपर्यंत येतो, जिथं 90च्या दशकात बोर्ड एका दुकानातनं, कॅबिनेट दुसऱ्यातनं घेऊन असेंबल्ड पीसी बांधले जायचे. मामांचा 486 तसाच आणलेला, मुंबईहून एसटीने, मांडीवर ठेवून.

म्हणजे 1975 ते साधारण 1990 या काळातली माहिती शेकडो वेगवेगळ्या, एकमेकांना न कळणाऱ्या मशीनवर लिहिली गेली. मशीन गेली की ती वाचणारा गेला.

हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला मी मोडीचं उदाहरण देतो. पुण्यात पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. कागद बऱ्यापैकी टिकलेत, शाई दिसते, अडचण वाचणाऱ्याची आहे. पण मोडी शिकता येते, एखादा हुशार मुलगा काही महिन्यांत वाचायला लागतो, कारण अक्षर डोळ्याला दिसतं. फ्लॉपीत डोळ्याला काहीच दिसत नाही. तिथं कागदही झिजतोय आणि वाचणाराही मरतोय, दोन्ही एकदम.

इंग्लंडमध्ये याचा मोठाच धडा मिळाला. 1086 मध्ये तिथल्या राजाने देशभरच्या जमिनी-गुरांची मोजणी करून डूम्सडे बुक लिहून घेतलं, कातड्यावर. त्याला 900 वर्षं झाली म्हणून 1986 मध्ये बीबीसीने नवी नोंद केली, दहा लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला, त्यात शाळेतली मुलं खूप, आपलं गाव, आपला दिवस, आपलं जेवण असं लिहून पाठवलेलं. ते सगळं साठवलं लेझर डिस्कवर, आणि वाचायला लागायचा बीबीसी मास्टर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला एक खास प्लेअर. (याच घराण्यातला आधीचा बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांमध्येही आला होता, 1984 नंतरच्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात.) पंधरा वर्षांत प्लेअर मिळेनासे झाले. 1086 चं पुस्तक अजून उघडून वाचता येतं आणि 1986 चं वाचता येईना! शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांनी 2002 मध्ये इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून ते परत दाखवलं. तेव्हा काही चालू मशीन शिल्लक होत्या म्हणून जमलं. नक्कल करायला अस्सल समोर लागतं.

आता फ्लॉपीकडे येतो, कारण घराघरात तीच पडलीय. आतली चकती म्हणजे पातळ पॉलिएस्टर, त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर डिंकासारख्या बाइंडरने चिकटवलेला. 1.44 एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला 80 गोल ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे 18 तुकडे म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येकात 512 बाइट. गुणाकार करा, 14,74,560 येतात. हार्ड डिस्कमध्ये हेड चकतीला टेकत नाही, फ्लॉपीत ते घासूनच चालतं. म्हणून बुरशी आलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की थर खरवडला जातो, हेडला चिकटतो, आणि मग पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा तेच हेड ओरबाडतं. कोकणातनं आलेल्या फ्लॉपींवर तर पांढरी बुरशी ठरलेलीच, आधी झडप सरकवून उजेडात बघायचं, ठिपके दिसले तर आधी सफाई. आणि घालण्याआधी लॉक करायची, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही, साडेतीन इंचीला कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीला उलट, खाचेवर चिकटपट्टी लावायची. हे उलटसुलट लक्षात न राहून बरंच नुकसान झालेलं आहे.

विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये अबॉर्ट, रिट्राय, फेल असं यायचं ते आठवत असेल. त्यामागं असं असतं की ड्राइव्हचा कंट्रोलर प्रत्येक सेक्टर वाचून शेवटी सीआरसी नावाची बेरीज तपासतो, नाही जुळली की एरर देऊन मोकळा. वाचताना त्याला नक्की काय दिसलं हे तो तुम्हाला सांगतच नाही. आजकाल बाजारात मिळणाऱ्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हचंही तेच, शिवाय तिला पीसीच्या ठराविक साच्याबाहेरचं काही कळत नाही, कमोडोरच्या अमिगा कॉम्प्युटरच्या किंवा अॅपलच्या जुन्या मॅकच्या 800 केबी फ्लॉपी तिला कोऱ्याच वाटतात.

म्हणून आता हे काम करणारे लोक फ्लक्स वाचतात. सोपं करून सांगतो. चकतीवर एक-शून्य असं काही लिहिलेलं नसतं, फक्त चुंबकाची दिशा कुठं-कुठं उलटते एवढंच असतं, आणि अर्थ असतो दोन उलट्यांमधल्या अंतरात. 1.44 च्या फ्लॉपीत हे अंतर तीनच प्रकारचं, 2, 3 किंवा 4 मायक्रोसेकंद. तबल्यासारखं समजा, थाप ही थापच, बोल कळतो तो मधल्या मात्रांवरनं. फ्लॉपी जुनी झाली की लय बिघडते, दोनची मात्रा सव्वादोन होते, तीनची पावणेतीन, कंट्रोलर गोंधळतो. ग्रीजव्हीझल नावाचं एक छोटं, खुल्या डिझाइनचं बोर्ड मिळतं, क्रायोफ्लक्सही त्याच कामाचं, ते जुन्या साध्या ड्राइव्हला जोडायचं, ते अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही, नुसत्या थापांच्या वेळा नोंदवतं, एकाच ट्रॅकच्या चार-पाच फेऱ्या. चकती सेकंदाला पाच फेऱ्या मारते, त्यामुळे वेळ लागत नाही. मग अर्थ लावायचं काम निवांत, कॉम्प्युटरवर, फ्लॉपीला परत हात न लावता. एका फेरीत बिघडलेला सेक्टर दुसरीत नीट येतो, असं खूपदा होतं.

याच मार्गाने 2014 मध्ये अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराची चित्रं सापडली. 1985 मध्ये कमोडोरने अमिगा बाजारात आणताना त्याला स्टेजवर बसवून त्यावर चित्र काढायला लावलं होतं, नंतरही त्याने काही काढली, आणि त्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या त्याच्या म्युझियममध्ये तशाच पडून होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबच्या मुलांनी आधी फ्लॉपीची कॉपी काढली, तेव्हा कळलं की फाईलचा फॉरमॅटच कुणाला माहीत नाही, मग तो उलगडला. आणि 90च्या दशकात आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर नसताना सगळे जो प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचे, त्याचा मूळ कोड 2012 मध्ये तो बनवणाऱ्या जॉर्डन मेक्नरच्या वडिलांना घरच्या कपाटात सापडला, अॅपल टूच्या फ्लॉपीवर. तोही वाचला.

पण कॉपी काढली म्हणजे झालं असं नाही, आणि हे मला मामांच्या खोक्याने शिकवलं. 38 फ्लॉपींपैकी 31 पूर्ण वाचल्या गेल्या, मी खूश. फाईली उघडायला गेलो तर बऱ्याचशा पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या. पेजमेकर जुन्या विंडोजवर चालणार, ती विंडोज 86बॉक्स नावाच्या इम्युलेटरमध्ये बसवली, फाईल उघडली, आणि समोर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ.

इथं आपली मराठीची स्वतःची अडचण येते, जी इंग्रजीवाल्यांना नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांचं आजचं एकच प्रमाण, रुळायच्या आधी देवनागरी कॉम्प्युटरवर यायची दोन वाटांनी. एक सरकारमान्य, इस्की नावाचं प्रमाण, त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान, त्यात अक्षराचा क्रम उच्चाराप्रमाणे, आणि युनिकोडची देवनागरी पुढं त्याच्याच पायावर उभी राहिली. दुसरी वाट जुगाडाची, इंग्रजी अक्षराच्या जागी फाँटमध्ये देवनागरीचा तुकडा काढून ठेवायचा. कृतिदेव फाँटमध्ये तुम्हाला पडद्यावर 'राम' दिसतं पण फाईलमध्ये असतात इंग्रजी जे, के आणि ई. फाँट आहे तोवर राम, फाँट गेला की नुसतं जे-के-ई. आणि प्रत्येक कंपनीच्या फाँटचा नकाशा वेगळा! त्यात पहिली वेलांटी दिसायला अक्षराच्या आधी म्हणून फाईलमध्येही आधी, रफार दिसायला नंतर म्हणून नंतर. युनिकोडमध्ये नेताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यावी लागते, रफार उचलून अक्षराच्या आधी.

वर आणखी एक. त्या काळच्या बऱ्याच भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरला डोंगल असायचं, काडेपेटीएवढी डबी, प्रिंटर पोर्टला मागं लावायची, ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. लोक मशीन ठेवतात आणि ही डबी कसला तरी कनेक्टर म्हणून फेकून देतात. मामांची डबी मशीनला नव्हती, मामींनी ती शिवणाच्या डब्यात ठेवलेली, मामांनी सांगितलं होतं म्हणे की ही हरवली तर धंदा बसेल. मामा जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांनी ती जपून ठेवलेली. त्या डबीमुळे सॉफ्टवेअर त्याच 486 वर चालू झालं, त्यातनं अस्सल फाँट निघाले, आणि फाँट बघून मी अक्षरांचा नकाशा हाताने तयार केला. खरं मशीन का जपायचं, याचं मला मिळालेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. इम्युलेटरला ती डबी कुठं लावणार?

म्हणून कुणाकडे असं काही असेल तर सगळं एकत्र ठेवा, वायरी, डोंगल, मॅन्युअल, लेबलं, फ्लॉपीवर पेनाने लिहिलेलं सुद्धा, त्याचा फोटो काढा. हार्ड डिस्क असेल तर आधी तिची पूर्ण नक्कल, लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू फुकट आहे आणि उत्तम आहे, ते चांगला भाग आधी काढून घेतं आणि खराब जागेकडे नंतर परत येतं. अगदी लहान, म्हणजे 500 एमबीच्या आतल्या डिस्क यूएसबी अॅडॉप्टरला दाद देत नाहीत बऱ्याचदा, त्या जुन्याच मशीनवर वाचाव्या लागतात. नक्कल दोन-तीन ठिकाणी ठेवा. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवर लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, पांढरं होतं खरं, पण ते अगदी शेवटचं काम.

आणि मोठ्या संस्था आहेतच की, असं म्हणून निर्धास्त राहू नका. कॅलिफोर्नियातलं कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम फार चांगलं काम करतं, मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड त्यांच्याकडूनच लोकांसाठी खुला केला. इंटरनेट अर्काइव्हवर हजारो जुने प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालतात. पण सिअॅटलला मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक, पॉल अॅलनने उभं केलेलं लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियम, जिथं जुनी मशीन चालू ठेवलेली असायची आणि येणाऱ्याला त्यावर बसून टाईप करू द्यायचे, ते 2020 मध्ये बंद झालं आणि 2024 मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. आणि तसंही, मिरजेतल्या स्मरणिका तिकडे कुणी जपणार नव्हतं.

मामांच्या फ्लॉपींमध्ये पत्रिका आणि अहवाल तर निघालेच, पण एकीवर नुसतं 'आई' लिहिलेलं होतं. त्यात मामांनी आजीकडनं ऐकून टाईप केलेल्या जात्यावरच्या ओव्या निघाल्या, एकशे बारा. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की त्यांनी हे केलंय. नकाशा लावून युनिकोडमध्ये आणल्या, छापून मामींना दिल्या, त्यांनी चष्मा लावून एकेक मोठ्याने वाचली आणि माझ्याकडनं रफार चुकलेल्या सात जागा त्यांनीच पेन्सिलने खुणा करून दिल्या. 64 व्या ओवीची दुसरी ओळ मात्र नाही, तो सेक्टर पाचही फेऱ्यांमध्ये जुळला नाही. मामींना ती ओळ अर्धी आठवते. दुसरी एक ड्राइव्ह मिळवलीय, हेड साफ करून येत्या रविवारी त्या ट्रॅकच्या वीस फेऱ्या घेऊन बघणार आहे.